नर्मदाअक्काची जामीनकी

धुळ्यात भाड्याची खोली शोधायला निघालं की यशोदाबाईला हमखास आडनाव विचारलं जायचं. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, पगार वेळेवर होतो, घरात दंगा करायला पोरंबाळं नाहीत, हे ऐकेपर्यंत घरमालकीण खुशीत मान डोलवायची. आडनाव कानावर पडलं की तिला एकदम आठवायचं, खोली तर दिराच्या मुलासाठी ठेवलीय. यशोदा शिंदखेड्याकडच्या बौद्ध घरातली. ट्रेनिंग संपवून धुळ्याला लागली तेव्हा दोन ठिकाणची लग्नाची बोलणी येऊन मोडली होती. मग कुणी विषयच काढला नाही आणि तिनेही मनावर घेतलं नाही.

शेवटी खोली मिळाली ती नर्मदाअक्कामुळे. नर्मदाबाई त्याच दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात होती. यशोदापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, सावद्याची, केळीच्या बागा असलेल्या घरातली. नवऱ्याने माहेरी आणून सोडली ती पुन्हा नेलीच नाही. दोन वर्षं वाट पाहून तिने नर्सिंगला नाव घातलं. तिने स्वतःच्या नावावर गल्ली नंबर चारमध्ये खोली घेतली आणि मालकाला सांगितलं, "माझी बहीण राहील सोबत."

मालकाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "सख्खी?"

"सख्खी," नर्मदाअक्का म्हणाली आणि ट्रंक आत ओढली.

त्या एका खोलीत त्यांची बारा वर्षं निघाली. एकीची ड्युटी सकाळची, एकीची दुपारची. स्वयंपाक जी घरी असेल तिने करायचा. अक्काला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी लागायची, यशोदाला भात. भांडण झालंच तर मिठावरून व्हायचं. सुटीच्या दिवशी दोघी पांझरेच्या पुलापर्यंत चालत जायच्या आणि अक्का येताना हटकून सीताफळं घ्यायची, ती पिकलेली असोत नसोत.

शहाऐंशी साली दवाखान्यातले कंपाउंडर चुडामण नाना एक बातमी घेऊन आले. देवपूरच्या पलीकडे नोकरदारांची सोसायटी निघत होती. प्लॉट सोसायटीचा, बांधायला कर्ज, आणि त्या कर्जाला सरकारची हमी. व्याज कमी, हप्ता थेट पगारातून. "बायांनो, भाडं भरून आयुष्य चाललं तुमचं," नाना म्हणाले. "नावं घाला."

दोघींनी शेजारशेजारचे प्लॉट धरले. मधली भिंत एकच ठेवायची आणि तिच्यात एक दार, असं अक्काने ठरवूनही टाकलं. यशोदाने त्या दाराला कडी कुठल्या बाजूने लावायची असं विचारलं, तर अक्का म्हणाली, "कडीच नको."

कर्जाच्या ऑफिसातला बाबू सज्जन होता. त्याने दोघींना बसवलं आणि अटी समजावून सांगितल्या. नोकरी कायम पाहिजे. दुसऱ्या कुठल्या सोसायटीची, पतपेढीची थकबाकी नको. पगारातून इतर कपाती जाऊन हप्ता बसला पाहिजे. निवृत्तीच्या आत कर्ज फिटलं पाहिजे. आणि दोन जामीनदार. तेही कायम नोकरीतले, पगारदार.

"जामीनदारांची काळजी नाही साहेब," यशोदा म्हणाली. "आम्ही एकमेकींना राहतो. मला दुसरे चुडामण नाना आहेत, अक्काला तिचा भाऊ तोताराम. मास्तर आहे सावद्याला."

बाबूने चष्मा काढला. "बाई, तेच तर होत नाही. जो स्वतः कर्ज घेतो, त्याला दुसऱ्याचा जामीन राहता येत नाही. आणि एका जामीनदाराची सही एकाच अर्जावर चालते."

"पण आमचा तर दोघींचा पगार..."

"पगाराचा प्रश्न नाही. उद्या एकीचं चुकलं तर दुसरीकडून वसूल करायचं असतं. दोघी कर्जात असल्या तर वसूल कुणाकडून करू?"

बाहेर आल्यावर अक्का हसली. "बरोबर बोलला बिचारा. दोन बुडत्यांनी एकमेकींचा हात धरून काय उपयोग?"

मग जामीनदाराचा शोध सुरू झाला. दवाखान्यात एवढी माणसं, रोज सोबत डबा खाणारी. पण सहीचं नाव काढलं की कुणी आधीच मेव्हण्याला जामीन होता, कुणाला बायकोला विचारावं लागणार होतं. हेडक्लार्क स्पष्टच म्हणाले, "बाई एकटी. मागेपुढे कुणी नाही. उद्या काही झालं तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?" यशोदाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मागेपुढे कुणी नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते नोकरीतल्या वर्षांसारखं तपासून, मोजून कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

शिंदखेड्याहून भाऊ भिका आला. दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, मी ऱ्हास ना जामीन. मन्हा अंगठा चालाव नही का?"

"पगारदार लागतो रे भाऊ."

तो बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. मग धोतराला पुसून चहाचा कप उचलला.

त्याच आठवड्यात नर्मदाअक्का ऑफिसात एकटी जाऊन आपला अर्ज मागे घेऊन आली. घरी येऊन चपला काढता काढता सांगितलं, तेही दूध उतू गेलं असं सांगावं तसं. "माझी सही तुझ्या अर्जावर केली. नानांचीही घेतली."

यशोदा उठून उभी राहिली. "अक्का, हे काय केलंस? तुझा प्लॉट?"

"माझी नोकरी राहिलीय आठ वर्षं. एवढ्यात फेडायचं म्हणजे हप्ता केवढा बसला असता! खायचं काय?"

"खोटं बोलू नकोस. आपण हिशेब केला होता."

अक्काने माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायली. "यशोदे, मला या गावात कुठंही खोली मिळते. तुला मिळत नाही. एकीलाच घर होणार असेल तर ते कुणाचं व्हावं, यात विचार काय करायचा?" आणि मग म्हणाली, "राहायचं तर दोघींनाच आहे."

शेजारचा प्लॉट पाटबंधारे खात्यातल्या रुपचंद नावाच्या गृहस्थाला गेला.

बांधकाम सुरू झालं तशी दोघींची रोजची फेरी देवपूरला होऊ लागली. अक्का विटांवर पाणी मारायची, गवंड्याशी हुज्जत घालायची. स्वयंपाकघराचा ओटा घालायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, ओटा बुटका ठेव, बसून भाकरी थापता आली पाहिजे. यशोदाला उभ्याने करायचा ओटा हवा होता, नवीन घरांमधून असायचा तसा. गवंडी थापी हातात घेऊन ताटकळला. यशोदा सकाळच्या ड्युटीवरून थेट आलेली, उन्हाने डोकं तापलेलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "अक्का, हप्ता माझ्या पगारातून जाणार आहे. एवढं तरी मला ठरवू दे!"

अक्का मागे सरली. गवंड्याला म्हणाली, "ताई म्हणते तसं कर." आणि बादली उचलून विटांकडे गेली.

यशोदा ते विसरूनही गेली. दोन महिन्यांनी चुडामण नानांनी औषधाच्या खिडकीतून विचारलं, "नर्मदाबाईंची सावद्याला बदलीची ऑर्डर निघाली म्हणे? मागून घेतली?" तेव्हा तिला ते पहिल्यांदा कळलं.

ती घरी गेली तेव्हा अक्का मेथी निवडत बसली होती.

"आई थकलीय," अक्का वर न पाहता म्हणाली. "तोतारामची बायको एकटी पुरी पडत नाही. सावद्याच्या दवाखान्यात जागा रिकामी होती."

"मी त्या दिवशी बोलले म्हणून?"

"राग नाही गं धरला. खरं तेच बोललीस." तिने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "या खोलीत आपण दोघीही भाडेकरू. तिथं तू मालकीण. मग मी कोण? तू काही म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. पण मीच रोज उठून स्वतःला विचारत बसेन."

यशोदाला खूप काही म्हणायचं होतं. घर तुझ्यामुळे उभं राहतंय. ओटा पाडून टाकते. तू नाहीस तर त्या चार भिंती घेऊन मी काय करू? पण तिला तसं बोलायची सवय नव्हती. बारा वर्षांत तशी वेळच आली नव्हती. ती म्हणाली, "गाडी कितीची आहे?"

नव्या घरात ती एकटीच राहायला गेली. भिका आला होता, बायकापोरांसह दोन दिवस राहिला. दारात निळं तोरण बांधलं, वंदना झाली, खीर झाली. जाताना तो म्हणाला, "ताई, घर मोठं शे. एकलीच कशी ऱ्हाशी?" ती म्हणाली, राहीन की. ते निघून गेल्यावर तिने सगळी दारंखिडक्या उघडून ठेवल्या. रुपचंदच्या घरात रेडिओ लागला होता. मधल्या भिंतीतून तो स्पष्ट ऐकू यायचा, पण कोणतं गाणं आहे ते कळायचं नाही.

सुरुवातीला पत्रं जात-येत होती. ड्युटी, पाऊस, केळीचा भाव, आईची तब्येत. यशोदा दर वेळी शेवटी लिहायची, 'घर बरं आहे.' तिकडून यायचं, 'बरं वाटलं.' पुढे पत्रं विरळ झाली. अक्काची आई गेली तेव्हा यशोदा सावद्याला जाऊन आली, पण घर माणसांनी भरलेलं. दोघींना धड बोलायला मिळालं नाही. हप्ता मात्र दर महिन्याला बिनचूक कापला गेला.

चौऱ्याण्णव साली अक्का निवृत्त झाली आणि कर्जाच्या ऑफिसने यशोदाला कळवलं, जामीनदार नर्मदाबाई सेवेत राहिलेल्या नाहीत, त्यांच्या जागी दुसरा जामीनदार द्यावा. ती धास्तावली. पण नवा फार्मासिस्ट कौतिक, तिच्याहून किती लहान, त्याने काउंटरवर उभ्या उभ्याच सही केली. वाचलंसुद्धा नाही. "सिस्टर, तुमचा एक हप्ता चुकलेला नाही. तुम्हाला जामीन राहायला कसली भीती?"

तिला वाटलं, इतकं सोपं होतं? मग लक्षात आलं, सोपं आता झालंय.

जुन्या जामीनदाराला मोकळं करायचं तर त्याच्याही सहीचा कागद लागत होता. पोस्टाने पाठवता आला असता. यशोदा स्वतः निघाली. जळगावला गाडी बदलली, आणि दुपारच्या आत सावद्याला पोचली.

अक्का दारापुढच्या ओट्यावर बसली होती. केस पांढरे झालेले, डोळ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. तिने यशोदाला ओळखलं ते आवाजावरून. तोतारामच्या बायकोने चहा दिला, केळी दिली आणि ती शहाण्या बाईसारखी आत निघून गेली.

अक्काने कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "म्हणजे आता मी सुटले?"

"सुटलीस."

"बरं," ती म्हणाली. सही केली. पेन यशोदाला परत दिलं आणि रस्त्याकडे पाहत राहिली. केळीने भरलेला ट्रक चालला होता, त्याच्या मागे हिरवी पानं घासत होती.

"अक्का, आता तर नोकरीही नाही. चल ना माझ्याकडे," यशोदा म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

अक्काने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "तू राहायला गेलीस ना, त्या पहिल्या दिवाळीला मी निघाले होते. फराळाचा डबा घेऊन. जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली. माणसं चढली. मी बसूनच राहिले. गाडी गेली, दुसरीही गेली. मग परत आले. घरी सांगितलं, गाडी नव्हती."

"का गं?"

"तुझी पत्रं यायची. घर बरं आहे. 'ये' असं एकदाही लिहिलं नव्हतंस."

यशोदाने हातातल्या कागदाची घडी घातली. "तुझंच घर. तुला काय बोलवायचं, असं वाटायचं मला. मी रोज वाट पाहायची."

"हो का," अक्का म्हणाली. तिने यशोदाचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटापालटा करून पाहिला, वॉर्डात पेशंटचा पाहायची तसा. "वाळलीस. जेवत नाहीस नीट."

"येशील?"

"आता नाही गं जमायचं. डोळे असे. तोतारामच्या मुलीचं बाळंतपण आहे पुढच्या महिन्यात, ती म्हणते आत्याच पाहिजे. इथं मला अंधारातही कळतं, पाट कुठं आहे, पाणी कुठं आहे. तुझ्या घरात मी चाचपडत फिरेन." मग जरा हसून म्हणाली, "तू ये. येत जा."

"येईन," यशोदा म्हणाली. दोघींनाही कळत होतं, एक-दोनदा होईल, मग राहून जाईल.

अक्का तिला पोचवायला स्टँडपर्यंत आली नाही. उन्हात तिला दिसत नव्हतं. दारातच उभी राहून हात हलवत राहिली, यशोदा वळून दिसेनाशी झाल्यावरही बहुधा हलवत असावी.

जळगावच्या स्टँडवर यशोदा बाकावर बसली. कोणत्या बाकावर बसली असेल अक्का, असा विचार तिच्या मनात आला. धुळ्याची गाडी लागली. माणसं धावली, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागली. ती उठली नाही. गाडी भरली, कंडक्टरने घंटी मारली. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बाई, धुळ्याले जायनं ना तुले? ही शेवटनी नही, पन दुसरी उशिरा शे."

यशोदाने पिशवी उचलली आणि धावत जाऊन गाडी धरली. बसायला जागा नव्हती. पारोळ्यापर्यंत ती उभीच होती. मग एक बाई उतरली आणि तिला खिडकी मिळाली.