वस्तादांच्या दारावरून न गेलेली मिरवणूक

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो. माझा आवाज कर्कश आहे आणि स्वभावही तसाच. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, तेव्हा ऐकताना थोडं सांभाळून घ्या.

कोल्हापुरातल्या एका दुकानातून मला गणपतरावांनी विकत घेतलं. ते आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे वस्ताद. पहाटे मी वाजले की पोरं अंथरूण झटकून मैदानाकडे पळत सुटायची. उशिरा येईल त्याला फेऱ्या, उलट बोलेल त्याला घरचा रस्ता. स्वतःच्या पुतण्यालाही त्यांनी एकदा मॅचमधून बाहेर बसवलं होतं. "ह्या शिट्टीला समदी पेठ भिती," असं लोक म्हणायचे. मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एकाहत्तर सालच्या सुमारास हंबीररावांनी कोडोलीहून कृष्णात नावाचा खेळाडू आणला. हंबीरराव म्हणजे तालमीचे सगळ्यात मोठे पाठीराखे. पोराच्या पायात जादू होती. त्याला त्यांनी स्वतःच्या घरी ठेवलं, दूध-अंडी चारली आणि पहाटे "झोपू दे त्याला" म्हणून सरावालाही पाठवेनात. लाडानं पोर बिघडतं म्हणतात, ते उगीच नाही.

फायनल जवळ आली. वस्तादांनी सांगून टाकलं, "सरावाला न्हाय, तर मॅचला न्हाय."

त्या संध्याकाळी चहाच्या दुकानासमोर वाद पेटला. वस्ताद तिथंच चहा पीत उभे होते आणि मी त्यांच्या गळ्यात.

"पोराला मी आणलंय. त्याला बशिवणारं हे कोण?" हंबीरराव म्हणाले.

"वस्ताद हाईत ते," चहावाले बाळासो म्हणाले. "पोरगं मैदानावर दिसतच न्हाय, मग खेळवायचं कसं?"

"गोल मारतंय न्हवं? मग सराव काय चाटायचाय?"

सगळे हसले. मग हंबीरराव वस्तादांकडे वळले. "फायनल हुंदे, मग लावा काय शिस्त लावायची ती."

वस्तादांनी कप खाली ठेवला. "मग संघ तुम्हीच सांभाळा," म्हणाले आणि चालू लागले. कुणीही अडवलं नाही. बाळासोसुद्धा कप विसळत बसले. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

घरी येऊन त्यांनी मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं.

फायनल आमच्याच संघानं जिंकली, कृष्णातच्या गोलवर. आमच्या पेठेची रीत अशी, की जिंकलेला संघ मिरवणुकीनं येतो आणि दारोदारी खेळाडूंना ओवाळतात. वस्तादांच्या पत्नी विठाबाईंनी ताट तयार केलं. "राग आपल्या जागी. पोरं आपलीच हाईत की," त्या म्हणाल्या. वस्तादांनी टोपी घातली आणि दारात येऊन उभे राहिले.

हलगी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. गुलाल उडताना मला दिसला. आणि हंबीररावांचा आवाज आला, "हिकडनं नको. म्होरल्या बोळानं घ्या."

हलगी लांब लांब गेली. विठाबाई ताट धरून उभ्याच होत्या.

"आत ये," वस्ताद म्हणाले. "वारं सुटलंय." त्यांनी टोपी काढून ठेवली.

संघ जिंकला, म्हणून हंबीररावच खरे ठरले. पुढच्या साली पहाटे मैदानावर कुणी फिरकलं नाही. ज्याला वाटेल तेव्हा तो यायचा. संघ पहिल्याच मॅचमध्ये हरला आणि कृष्णात दुसऱ्या पेठेकडे गेला. कालपर्यंत डोक्यावर घेणारे त्याला शिव्या देऊ लागले.

एका दुपारी तो वस्तादांच्या घरी आला. "चुकलं माझं, वस्ताद."

"तू पोरगं हुतास. तुला कळलं न्हाय, चालतंय," वस्ताद म्हणाले. "ज्यास्नी कळत हुतं, त्यातलं कोण आलं न्हाय."

पुढे दोनेक वर्षांत वस्ताद गेले. तेव्हा मात्र सगळी पेठ त्याच गल्लीतून आली. हातात हार होते आणि हंबीरराव सगळ्यांच्या पुढे होते. मी खिळ्यावरून बघत होते. विठाबाईंनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्यावर रागावणारं एखादं माणूस असेल, तर ते हयात असतानाच त्याच्या दारात जा. हार नेला नाही तरी चालेल.