बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो. एका साध्या घराच्या आतल्या खोलीच्या दाराला मला बसवलं आहे, तेही बाहेरच्या बाजूने. "ही उलटीच लागलीय की!" असं पाहुणे हसून म्हणत. घरातलं कुणी हसत नसे.

भट्टीत तापवून, ठोकून लोहाराने मला घडवलं. दुकानात बिजागऱ्यांशेजारी लटकताना मला वाटायचं, एखाद्या मोठ्या घराचं दार राखावं, चोराला थोपवावं. एका सकाळी ताठ पाठीचा एक तरुण आला आणि दुकानदाराला म्हणाला, "आतून कितीही ओढली तरी निघणार नाही, अशी द्या."

तो सैन्यात ट्रक चालवत असे. लढाईनंतर त्याला मुदतीआधीच घरी पाठवलं होतं. 'स्वभाव सेवेस योग्य नाही,' एवढंच कारण कागदावर होतं. हातपाय धडधाकट, म्हणून अपंगत्वाचं निवृत्तिवेतनही नाही. गल्ली त्याला 'कप्तान' म्हणे, कुणी कौतुकाने, कुणी टिंगलीने. परत आल्यावर त्याने गाडीला हात लावला नाही. नंबरप्लेट रंगवायचं दुकान टाकलं. अक्षर कसं, तर मोत्याचे दाणे.

वस्तीच्या मागे दगडाची खाण होती. रोज दुपारी भोंगा व्हायचा आणि सुरुंग उडायचे. धमाका झाला की कप्तान कप्तान राहत नसे. "उतर! खाली उतर!" असं ओरडत, हाताला लागेल त्याला ओढत तो रस्त्यावर धावायचा. एकदा स्वतःची रांगती मुलगी काखेत घेऊन तो धावत्या बससमोर उभा राहिला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी त्याने मला घरी आणलं.

"भोंगा झाला की मी आत जाईन," तो बायकोला म्हणाला. "तू बाहेरून कडी लाव. मी कितीही गयावया केली तरी उघडू नकोस."

"अहो, आपल्या माणसाला कुणी असं कोंडतं का?"

"पोरगी मोठी होईपर्यंत तरी."

पोरगी शाळेत गेली, शाळा संपवून बाहेर पडली, तरी मी लागतच राहिले. आतून दारावर मुठी बसत, 'उतर! खाली उतर!' अशा हाका येत. माझे स्क्रू सैल होत, कप्तान स्वतःच ते पुन्हा आवळून ठेवी. बाहेर त्याची बायको दाराला पाठ लावून बसे, मांडीवर निवडायचं ताट घेऊन. कुणी आलंच, तर म्हणे, "हे दुपारचे जरा पडतात." झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरची पायरी त्यांनी कधी चढली नाही.

पुढे खाण बंद पडली. भोंगा थांबला. मला वाटलं, सुटलो सगळे. पण भोंग्याच्या त्या वेळेला कप्तान ब्रश खाली ठेवायचा, घरी यायचा आणि मुकाट्याने आत जायचा. बाहेर पानसुद्धा हलत नसे, आणि माझ्या अंगाखालचं दार हादरत असे. मित्रांनो, मी लोखंडाची आहे. तरी त्या शांत दुपारी मला भीती वाटे.

मुलगी मोठी होऊन इस्पितळात केसपेपर काढायच्या खिडकीवर लागली. मनाला झालेली इजाही आता अपंगत्वात धरतात, हे तिला तिथे कळलं. तिने अर्ज केला. कचेरीतला साहेब म्हणाला, "इतक्या वर्षांत एकदाही दवाखाना नाही? मग आजार होता तरी कधी?"

घरी आईच तिच्यावर उखडली. "आमची लक्तरं वेशीवर टांगतेस? अब्रूनं दिवस काढले आम्ही."

"आई, आजारी पडल्यानं कुणाची अब्रू जाते गं?"

आई उठून आत गेली. मुलीने मात्र कचेरीची पाठ सोडली नाही. शेवटी चौकशीला एक डॉक्टरबाई घरी आल्या. चहा झाला. त्यांनी विचारताच आई सवयीने म्हणाली, "छे हो, यांना कधी काही नव्हतं. थोडे तापट आहेत, इतकंच." मुलीचा चेहरा उतरला. डॉक्टरबाई उठल्या. जाता जाता त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्याभोवतीचं लाकूड झिजून खोलगट झालं होतं. त्यांनी मला बोटाने हलवून पाहिलं.

"काकू, ही कडी बाहेरून का?"

"अडगळीची खोली होती ती."

"अडगळ नाही, मी," कप्तान म्हणाला. "माझ्यासाठी आहे ती. मीच आणली."

मग तो उभ्या उभ्याच बोलला. त्याच्या ट्रकमध्ये दारूगोळा होता. पुढची गाडी सुरुंगावर गेली आणि आग त्याच्या गाडीपर्यंत आली. "मी उडी टाकली. ओरडलो. जोडीदार झोपला होता. तो उतरला नाही." पुढे म्हणाला, "मी भित्रा निघालो म्हणून मला सैन्यातून घालवलं, असंच मी धरून चाललो."

जन्मभर दाराबाहेरून त्याची बायको ज्या हाका ऐकत आली, त्या कुणाला होत्या, हे तिला आज कळलं. मग तिनेही सगळं सांगितलं.

पुष्कळ महिन्यांनी हुकूम आला. निवृत्तिवेतन मंजूर झालं, पण अर्जाच्या तारखेपासून. मागच्या वर्षांचं काहीच नाही. मुलगी संतापली, तिने पुन्हा दाद मागितली. तो निकाल अजून यायचा आहे. कप्तानने मात्र एकच ओळ तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली: 'आजार सैनिकी सेवेमुळे झालेला आहे.'

"म्हणजे माझा स्वभाव नव्हता तो," तो म्हणाला.

आता औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी दार उघडं ठेवायला सांगितलं आहे. पहिल्या दुपारी ती वेळ झाली, तेव्हा कप्तानच्या कपाळावर घाम होता, पण तो खुर्चीत बसून राहिला. ताठ झाली ती त्याची बायको. तिचा हात सारखा माझ्याकडे वळत होता. त्याला औषध मिळालं, हुकूम मिळाला. तिच्या नावाने कुठून काही आलं नव्हतं.

त्याच्या ते लक्षात आलं. त्याने चटई अंथरली, उशी ठेवली.

"तू पड जरा. मी जागा आहे."

ती कुशीवर वळली, आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली. तो तिच्याजवळ बसून राहिला, उघड्या दाराकडे पाहत.

मित्रांनो, हातपाय धड दिसले म्हणून माणूस धड आहे असं समजू नका. विचारा त्याला. आणि त्याच्या दाराबाहेर जी बसून राहिली, तिलाही विचारा.