चहाच्या वाफेनं हललेला डफ

मित्रांनो, मला पाहून कुणालाही वाटेल, हा गडी जन्मतःच गोल असणार. छे! मी धावड्याच्या लाकडाची सरळसोट पट्टी होतो आणि सरळपणाचा मला बराच तोरा होता. आज मी एक जुना डफ आहे, पूर्णा गावात धम्मशीलाच्या घरी राहणारा.

मला वळवलं भुजंगकाका सुतारांनी. उकळत्या पाण्याच्या पिंपावर, गोणपाटाखाली त्यांनी मला ठेवलं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. त्या नळ्यांना धरून ठेवणारा डिंक लाकडातच असतो, आणि वाफ लागली की तो मऊ पडतो. मग काकांनी माझ्या पाठीला लोखंडी पट्टी बांधून मला गोल साच्याभोवती आवळलं. तुम्ही कोपर वाकवलं की बाहीला आतून चुण्या पडतात ना? तशा माझ्या आतल्या बाजूच्या नळ्या दाबल्या जाऊन चुरगळल्या. पाठीवरच्या पट्टीमुळे बाहेरची बाजू मात्र फाटली नाही. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण काकांनी घाई केली नाही. साच्यातच वाळलो, डिंक पुन्हा घट्ट झाला, माझी दोन्ही टोकं सरसानं सांधली गेली आणि मी गोल होऊन बाहेर आलो.

माझ्यावर कातडं चढलं नि मी सितारामदादांच्या हाती गेलो. दादा रेल्वेत नोकरीला. सुट्टी मिळाली की भीमगीतं गात चारठाणा, येलदरी असं कुठंकुठं जायचे. गाण्याआधी ते मला काटक्यांच्या जाळावर शेकायचे. कोरड्या उबेनं कातडं ताणलं जातं आणि थाप टणटणीत निघते. त्यांची लेक धम्मशीला हे लहानपणापासून पाहत आली होती.

पुढे दादांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं थांबलं. मीही खुंटीवर धूळ खात पडलो. या वर्षी भीमजयंतीला दादांच्या जागी धम्मशीलानं गायचं ठरलं, तेव्हा कुठं मी खाली उतरलो. पोरीच्या गाण्याला बापाची सर यायची का, ही कुजबुज तिच्याही कानावर आली होती. दादा पहिल्या रांगेत बसणार होते. चारचौघांत बापाची मान खाली जाऊ नये, एवढीच तिला धास्ती होती.

मंडपाचं कापड पेटेल म्हणून तिथं जाळ करायला मनाई होती. शेजारी चहाचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं. ऊब ती ऊब, असं समजून धम्मशीलानं मला त्यावर धरलं आणि गाण्याचे बोल आठवण्यात बराच वेळ रमली. अगं पोरी, ही वाफ आहे! पण मला कुठलं बोलता येतंय? कातडं ओलावून सैल पडलं. डिंक मऊ झाला. चुरगळलेल्या नळ्या आळस द्यावा तशा ताणल्या जाऊ लागल्या. माझा सांधा उघडला आणि मी चक्क लंबगोल झालो. थाप मारली तर ओल्या पोत्यासारखा आवाज! धम्मशीलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

भुजंगकाका श्रोत्यांतच होते. मी गार होण्याआधीच त्यांनी मला एका डब्याच्या गोल तोंडावर बसवून दोरीनं करकचून आवळलं. धम्मशीलानं विचारलं, गाण्यापुरता सोडता येईल का?

"सोडशील तर आजचं कसंबसं भागंल," काका म्हणाले, "पण मग तो कायमचा वाकडा ऱ्हाईल. वाळंपर्यंत हात लावायचा न्हाई."

तिकडे तिच्या नावाचा पुकारा झाला. धम्मशीलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दादांकडे. दादा उठून जवळ आले. घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, "त्याला वाळू दे, माय. ताल मी धरतो."

ते रिकाम्या खुर्चीवर थाप देत राहिले आणि ती गायली. पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीला मंडप शांत झाला, आणि कडव्याला माणसं आपणहून टाळ्यांचा ठेका धरू लागली. दादांची मान ताठ होती. इतकी वर्षं गाण्यात असूनही मी गाणं कधी नीट ऐकलंच नव्हतं, माझाच दणदणाट मला पुरत असे. त्या संध्याकाळी डब्यावर जखडलेल्या अवस्थेत मी ते पोटभर ऐकलं.

पुरता वाळल्यावर काकांनी दोरी सोडली. मी गोल होतो. दादांनी मला खुंटीला न लावता लेकीच्या हातात दिलं. "आता ह्यो तुझा हाय," ते म्हणाले. "चहा तेवढा पाजू नको त्याला."

मित्रांनो, घरात वाद्य असेल तर त्याला ओलीपासून जपा आणि अधूनमधून वाजवा. कधी त्याचा आकार बिघडलाच, तर लगेच टाकून देऊ नका. मला वाचवायला एक पोर सगळ्या गावापुढे रिकाम्या हातांनी गायली आहे.