बादशाहाचा एकच वण

मरियामातेची शप्पथ, खोटं बोलत असेन तर माझे उरलेले तीन दात आत्ताच्या आत्ता पडोत. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

घोड्यांची डॉक्टरीण खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवत होती आणि आल्बिना घोड्याच्या तोंडाशी उभी राहून शत्रुघ्नला शिव्या घालत होती.

"जीभ झडेल तुझी. मेलेल्या माणसाला खोटं पाडतोस?"

"मी कशाला पाडू, आल्बिनाबाय? तुमचा घोडाच पाडतोय."

रुडॉल्फ गेला आणि आल्बिनानं, त्याच्या बायकोनं, त्याचा घोडा बादशाह शत्रुघ्नला विकला. शत्रुघ्न वसई स्टेशनवर टांगा हाकायचा. विकताना तिनं नवऱ्याच्या कबरीची शप्पथ घेतली होती, की घोडा खच्ची केलेला आहे, अगदी गरीब. रुडॉल्फनं सांगितलं म्हणजे झालंच.

आणि एका मंगळवारी पापडी गावात नवरदेवाची वरात निघाली. बादशाहानं नवरदेवाची घोडी पाहिली. टांगा, टांग्यातल्या तीन बाया आणि वांग्यांची पाटी, सगळ्यांना घेऊन तो थेट घोडीवर चढला. नवरदेव उडाला तो केळीच्या वाडीत आणि त्याचा फेटा माडावर. फेटा अजून तिथेच आहे, कावळीनं त्यात दोनदा पिल्लं काढली.

तेव्हापासून शत्रुघ्न नाक्यानाक्यावर सांगत सुटला, रुडॉल्फ खोटारडा होता. शेवटी आमच्या गिरीज गावच्या लोकांनी दोघांना बसवलं आणि ठरवलं, सोनोग्राफीचं मशीन बोलेल ते खरं. घोडा खच्ची निघाला तर शत्रुघ्ननं रुडॉल्फच्या कबरीवर गुडघे टेकायचे. नाही निघाला तर आल्बिनानं रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, सगळ्यांसमोर म्हणायचं, माझा नवरा खोटारडा होता.

म्हणून ही डॉक्टर संपदा मुंबईहून आली होती. दोन हजार तीन साल. शिलाई मशीनच्या खोक्याएवढं तिचं मशीन, त्याची वायर आल्बिनाच्या स्वयंपाकघरातून अंगणात आणलेली.

"वीज यांची," शत्रुघ्न म्हणाला. "मशीन यांच्याच बाजूनं बोलनार."

"तुझ्या घरची आणू? तुझी तर मागच्या महिन्यातच कापली."

शेजारची जयवंती कुंपणावरून वाकून बघत होती. "अगो, दवाखान्यात पाटी असते ना, इथे लिंगनिदान करत नाहीत म्हणून? पोलीस येतील हां."

"घोड्याला नाही तो कायदा," डॉक्टर म्हणाली. ती हसली नाही. आधी तिनं मागच्या पायांच्या मधे जेल लावून मशीनची डबी फिरवली. काही नाही. मग शेपटी बाजूला करून हात आत घातला, पार खांद्यापर्यंत. दोन गडी घोड्याला धरून, तिसरा त्याचा वरचा ओठ दोरीत पिळून. अंगणात पन्नास माणसं आणि कोणी खोकेना.

"थांबा. हलू देऊ नका."

पडद्यावर सगळं करडं. त्यात पेजेत बटाटा बुडावा तसं काहीतरी.

"हे बघा. एक अंड आत पोटातच राहिलंय. जन्मापासून खाली उतरलंच नाही. बाहेरून चाचपलं तर घोडा खच्चीच वाटणार. माज मात्र आंडील घोड्याचा."

आल्बिनानं टाळीच वाजवली. "ऐकलंस? पोटातलं रुडॉल्फला काय दिसणार? तो काय देव होता? चल कबरीवर. टेक गुडघे."

शत्रुघ्न डॉक्टरकडे वळला. "पन मग कापलं काय होतं?"

डॉक्टर खाली वाकली, टॉर्च मारला. "वण एकाच बाजूला आहे. एक काढलं, दुसरं मिळालं नाही."

"मंजे कापनाऱ्याला कळलं होतं."

"कळणारच. दुसऱ्यासाठी पोट उघडावं लागतं, घोडा दगावूही शकतो. म्हणून मालकाला विचारतात. पुष्कळ मालक नको म्हणतात."

आल्बिनाचा हात बादशाहाच्या कपाळावरच राहिला.

आठ वर्षांपूर्वी बादशाह तिच्या खांद्याला चावला होता. ती म्हणाली होती, घोडा खच्ची कर, नाहीतर मी निघाले नंदाखालला, माहेरी. दुसऱ्याच दिवशी रुडॉल्फ घोडा घेऊन गेला. संध्याकाळी परत आला, तिच्याकडे न बघता म्हणाला, झालं काम. जेवला नाही. गुळाचा अख्खा डबा उचलून तबेल्यात जाऊन बसला.

"काय आल्बिनाबाय?" शत्रुघ्न आता सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. "रविवारी काय म्हनायचं, पाठ आहे ना?"

"मला विचारलं होतं," आल्बिना म्हणाली.

"काय?"

"त्या कापणाऱ्यानं. रुडॉल्फ तापानं निजला होता. घोडा मीच नेला होता. मीच म्हटलं, राहू दे दुसरं. घरी येऊन त्याला सांगितलं, झालं काम. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?"

शत्रुघ्नचं तोंड उघडलं. आठ वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी घोडा त्याच्याच टांग्यामागे बांधून आणला होता. रुडॉल्फ टांग्यात बसायला तयार नव्हता. स्टेशनपासून गिरीजपर्यंत घोड्याच्या मानेवर हात ठेवून चालत आला होता.

शत्रुघ्ननं बादशाहाकडे पाहिलं. मग आल्बिनाकडे. मग बाजूला थुंकला.

"मग रविवारी सोताच्या नावानं उभ्या राहा."

"राहीन. तुझ्या बापाला भीत नाही."

राहिली. चर्चच्या पायरीवर, कडक इस्त्रीचं लुगडं नेसून, "मी खोटं बोलले" अशी ओरडली की तिथली कबुतरं उडाली ती नायगावला जाऊन बसली. समोरच्या बाजूला टांग्यापाशी शत्रुघ्न उभा होता. टोपी हातात.

बादशाहाचं पोट त्यानं कधी उघडू दिलं नाही. वरात दिसली की खाली उतरून घोड्याचे डोळे आपल्या टोपीनं झाकायचा. आणि दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, टांगा न बोलावता आल्बिनाच्या फाटकात यायचा. ती मेणबत्त्या घेऊन चढायची आणि कबरस्तानापर्यंत दोघं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत जायची.

आता दात पडायला नकोत, म्हणून एक सांगून टाकते. नाव तेवढं मी बनवलं. आल्बिना नावाची बाई गिरीजमध्ये कधी नव्हतीच.

रुडॉल्फ मात्र खरा. तो बघ समोर, माझ्या भिंतीवर, फोटोत, कसा हसतोय. लबाड.