दारातून दिसलं पाहिजे

वस्तू विकत घेण्याची बबनरावांची स्वतःची एक रीत होती. छत्री घेतली तर दुकानातच उघडून डोक्यावर धरायचे, खाट घेतली तर तिच्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचे. एक्क्याण्णव साली वर्ध्याला भैय्याजींच्या दुकानात टीव्ही घ्यायला गेले, तेव्हा टीव्ही सुरू करायला लावून हा माणूस थेट बाहेर गेला आणि पायरीवर उकिडवा बसला. भैय्याजींना वाटलं, गिऱ्हाइकाला चक्कर आली.

"दारातून दिसलं पाहिजे," बबनराव तिथूनच म्हणाले.

चौदा इंची नापास झाला. लाकडी शटरचा वीस इंची काळा-पांढरा पास झाला आणि गादीत गुंडाळून जीपमधून गावी, आंजीला आला.

आता दोन हजार नऊ साल होतं. दुकान तेच, पण भैय्याजींच्या जागी त्यांचा मुलगा धीरज बसत होता आणि टीव्हींच्या जागी लॅपटॉप मांडलेले होते. बबनरावांच्या मुलीला, जयाला, सेवाग्रामला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. लॅपटॉपसाठी अठ्ठावीस हजार बाजूला काढले होते आणि त्यावर एक रुपयाही चढणार नव्हता. जयाला तो कॉलेजसाठी हवा होता. बबनरावांना तो बैठकीसाठी हवा होता, पण हे त्यांनी घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांना आपली बैठक पुन्हा भरलेली पाहायची होती. काय दिवस होते ते. गल्लीत तेवढा एकच टीव्ही. रविवारी दुपारनंतर त्यांच्या पत्नी आनंदाबाई सतरंजी टाकायच्या आणि बघता बघता पाय ठेवायला जागा उरायची नाही. पोरं पुढे, बाया मधे, बाप्ये भिंतीला टेकून. चित्रात मुंग्या आल्या की कोणीतरी धावत गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून पंधरा जण एकदम हुकूम सोडायचे. बबनराव टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसत. चित्र त्यांना तिरपंच दिसे, पण त्यांना माणसं पाहायची असत.

उंबऱ्याबाहेर पोत्याचा तुकडा टाकून तानाबाई बसे. ती खालच्या वस्तीतली, यांच्याच वावरात कापूस वेचायला यायची. वीस इंची टीव्ही घेतला होता तो तिच्यासाठी, असं बबनराव चारचौघांत अभिमानाने सांगत. तिची एक सवय होती. ऐन रंगात आलेल्या पिक्चरमध्ये ती बाहेरून विचारायची, "भाऊ, किती वाजले?" पोरं खिदळायची. तानाबाईले कलेक्टर हापिसात जायचं आहे, म्हणायची. बबनराव आतून दारावर लावलेल्या घड्याळाकडे पाहत आणि वेळ सांगत.

मग घरोघरी केबल आली. माणसं एकेक करून गळाली, सतरंजी माळ्यावर गेली, आणि रविवारची दुपार बबनरावांना खायला उठू लागली.

"हे पाहा काकाजी," धीरजने काउंटरवर दोन लॅपटॉप ठेवले. "हे दहा इंची. सव्वा किलो वजन, बॅटरी पाच तास चालते. पण यात सीडी नाई चालत. आणि हे साडेपंधरा इंची. सीडी चालते, आवाज मोठा, पण वजनानं भारी आणि बॅटरी दोन तासांत बसते."

"लहान," जया म्हणाली.

"मोठं," बबनराव म्हणाले. "पिक्चर लाव त्याच्यावर."

धीरजने लावला. बबनराव वळले आणि दाराकडे चालू लागले. जयाला पुढचं सगळं कळलं. ही गोष्ट ती जन्मापासून ऐकत आली होती. बबनरावांनी काचेचं दार ढकललं, पायरीवर उकिडवे बसले आणि दार पायाने अडवून आत पाहू लागले. दोन गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून गेली.

"थोडा फिरव इकडे. अजून. बिघडलं का हे? चित्र काळं पडून राह्यलं."

"बिघडलं नाई, काकाजी. याच्या समोरच बसा लागते. बाजूनं काळंच दिसते." धीरजने हसून सांगितलं, "ही एकट्यानं पाह्याची वस्तू आहे."

बबनराव उठून आत आले. बाजूने पाहिलं, वाकून पाहिलं, समोरून पाहिलं. धीरज खरं बोलत होता. लॅपटॉप केवढाही घ्या, दारात बसणाऱ्याच्या पदरात काही पडणार नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"एकट्यानं पाह्याची वस्तू घेऊन मी काय करू?"

"बाबा, मले हे आंजीवरून वर्ध्याले आणि वर्ध्यावरून सेवाग्रामले रोज एसटीत न्यायचं आहे," जया म्हणाली. "अर्धा दिवस लोडशेडिंग. बॅटरी पाह्यजे मले. आणि आता आपल्या दारात बसते कोण?"

"तानाबाई बसे."

"मंग तिले आत काऊन नोतं बसवलं?"

जयाने हे भांडायचं म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. लहानपणापासून तानाबाईची जागा तिथेच पाहिली होती, तेवढंच. बबनरावांनी मान वळवून पुन्हा दाराकडे पाहिलं. ये म्हणून कोणी म्हटलं नव्हतं आणि ती आली नव्हती. तिच्या वस्तीतलं कोणीच कोणाच्या बैठकीत येत नसे. तिला बाहेरून दिसावं म्हणून त्यांनी सहा इंच मोठा टीव्ही घेतला. दोन शब्दांनी भागलं असतं.

"लहानवालं दे," ते धीरजला म्हणाले.

एसटीत जया लॅपटॉपची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. बबनराव खिडकीतून बाहेर पाहत होते. आजवर ज्या गोष्टीचा अभिमान वाटत आला तिचीच आज लाज वाटत होती, आणि ती ठेवायची कुठे ते त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी नेमाने वीज गेली. गल्लीतले सगळे टीव्ही एकदम मुके झाले. जयाने मैत्रिणीकडून पेन ड्राइव्हवर एक जुना पिक्चर आणला होता, तो लावला. बबनरावांनी चपला घातल्या.

"उन्हात कुठं चालले?" आनंदाबाईंनी विचारलं.

"येतो. सतरंजी काढजो."

खालच्या वस्तीत ते तानाबाईच्या दारापर्यंत गेले. ती आता पुरती थकली होती, वेचणीचं काम सुटलं होतं. "चाल, पिक्चर लावला आहे," ते म्हणाले. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि उठली. सवयीने पोत्याचा तुकडाही उचलला.

घरी आल्यावर ती बरोबर आपल्या जागी, उंबऱ्याबाहेर बसली. मान उंच केली, तिरपी केली. "मले तर काईच नाई दिसून राह्यलं, भाऊ. डोळे गेले वाटते माये."

"डोळे नाई गेले. तिथून नाईच दिसत ते," बबनराव म्हणाले. "आत ये."

तानाबाईने आनंदाबाईंकडे पाहिलं. आनंदाबाईंनी आधी बाहेरच्या पोत्याकडे पाहिलं. मग त्यांनी लुगडं आवरलं आणि जयाच्या अंगाला अंग लावून सरकल्या. सतरंजीवर हातभर जागा झाली. तानाबाईने पोतं बाहेरच ठेवलं, उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडला आणि त्या जागेवर येऊन बसली. लॅपटॉप एवढासा, त्यामुळे तिघींची डोकी एकमेकींना टेकत होती.

पण तानाबाईचं लक्ष पिक्चरकडे नव्हतं. मागे वळून, ज्या दारात इतकी वर्षं बसली त्या दाराच्या वर ती पाहत होती.

"घड्याळ इथं आहे होय," ती म्हणाली. "मी म्हणो, हे भाऊ पाह्यते तरी कुठं."

बबनराव आपल्या जुन्या खुर्चीत बसले होते. तिथून त्यांना पडदा काळाच दिसत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"किती वाजले, तानाबाई?" त्यांनी विचारलं.

तिने काटे नीट निरखून घेतले, घाई केली नाही.

"साडेतीन वाजले, भाऊ," ती म्हणाली, आणि मग पिक्चरकडे वळली.