आठव्या मजल्याचं पाणी

शनवारा चौकाकडून निघणाऱ्या रस्त्यावर सूर्यकन्या हाइट्स नावाची आठ मजल्यांची इमारत आहे. खाली दुकानं, दुसऱ्या मजल्यावर पॉवरलूमच्या कोऱ्या कापडाचं गोदाम, त्याच्या वर माणसं. दर फाल्गुनात तिला नवा लाल रंग चढतो. भिंतींना नव्हे, भिंतींचे पोपडे खुशाल पडोत. रंग लागतो तो जिन्यातून तळापासून गच्चीपर्यंत गेलेल्या, मांडीएवढ्या जाड पाइपाला. आग लागली की खालच्या पंपानं या पाइपातून पाणी वर चढवायचं, मजल्यावरच्या व्हॉल्व्हला कापडी नळी जोडायची आणि पाणी आगीवर मारायचं, एवढ्यासाठी हा पाइप. सूर्यकन्येच्या माणसांनी त्याला नटवलं, सजवलं, हार घातले. तुझ्या पोटात काही आहे का रे, एवढं मात्र कधी विचारलं नाही.

सायली स्कूटीवरून आली तेव्हा रंग ओलाच होता. ती तपासणीचं काम करणाऱ्या एका एजन्सीत होती. या इमारतीचा वर्षाचा अहवाल यंदा पहिल्यांदाच तिच्या सहीनं जायचा होता. वडिलांनी जन्मभर यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधल्या, त्यामुळे मोटार बरी आहे की आजारी हे तिला आवाजावरून कळे. दारात इमारतीचा सेक्रेटरी नीलेश कडक इस्त्रीच्या शर्टात उभा होता. शेजारी चौकीदार वामन, हातात नारळ.

“या मॅडम, या. एकदम नवी नवरी करून ठेवली आहे. फक्त हात नका लावू, रंग ओला है.”

“हात न लावता तपासू?”

“बघून घ्या ना. सगळं समोर तर आहे.”

तळमजल्यावरच्या व्हॉल्व्हवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. वामननं नारळ फोडला, नळी जोडली, चाक फिरवलं. पाणी असं उसळलं की पार पानटपरीपर्यंत गेलं. दुकानदारांनी टाळ्या पिटल्या. चार जणांनी मोबाइल काढले. नीलेशनं नळीचं पितळी तोंड छातीशी धरलं आणि जिंकून आलेल्या सरदारासारखा फोटो काढून घेतला.

“देखा? हे असतं प्रेशर!”

“गच्चीवरच्या टाकीचं पाणी आहे,” सायली म्हणाली. “आठ मजल्यांवरून खाली पडून राहिलंय.”

“पाणी ते पाणी, मॅडम.”

“खाली पडायला पाण्याला तुमची कमिटी लागत नाही, नीलेशभाऊ. वर चढवायला पंप लागतो. चला, आठव्यावर मोजू.”

“लिफ्ट सर्विसिंगला आहे ना पण.”

“आग लागल्यावर लिफ्टनं जाणार होता काय?”

वामन फिसकन हसला. नीलेशनं त्याच्याकडे पाहिलं, तसं त्यानं हसू नारळाच्या करवंटीत लपवलं.

सायली आणि नीलेश जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर गोदामाचं दार, त्याच्या वरच्या भिंतीवर काजळीचा पट्टा. मागच्या वैशाखात इथली एक गठडी धुमसली होती. ज्वाळा नव्हती, नुसता धूर. पण धुराला जिना चांगला पाठ असतो. सगळी इमारत खाली धावली. कोणी टीव्ही घेऊन उतरलं, कोणी पोपटाचा पिंजरा, एकानं तर दारावरची नावाची पाटी उचकटून आणली. रस्त्यावर उभं राहून सगळ्यांनी आपापलं सामान मोजलं. आठव्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका सुलभाताई एकट्या राहतात, गुडघे गेलेत, वॉकरशिवाय उंबरठाही ओलांडता येत नाही, हे कोणाच्या मोजणीत आलं नाही. ताई खिडकीशी बसून राहिल्या, ओला पदर तोंडाला लावून, चाळीस मिनिटं. धूर आपोआप विरला. मग एकानं खालून हाक मारली, “ताई, सब ठीक?”

त्यानंतर ताईंनी सहा तक्रारी लिहिल्या. आईकडून जात्याच्या ओव्या शिकलेल्या. साध्या अर्जाला कोणी दाद देईना म्हणून शेवटची तक्रार त्यांनी ओवीतच लिहून फलकावर लावली:

रंगवली गं नळी, लाल लाल कुंकवावाणी,
कोरडं तिचं पोट, कुठं गं दडलं पाणी?

लोकांना फार आवडली. मोबाइलवर फिरली. “वा ताई, क्या बात” असे अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली. आणि फाल्गुन आला तसा रंगाचा डबा आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हवर रंगाचे इतके थर होते की चाक आणि दांडा एकजीव झाले होते. सायलीनं दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हललं नाही. तळवे तेवढे लाल झाले.

“सांगितलं होतं, रंग ओला है,” नीलेश म्हणाला.

चौथ्यावर, नीलेशच्या स्वतःच्या दाराशेजारी, नळीच्या पेटीत कांदे होते.

“हवा लागते ना तिथं. सडत नाहीत,” तो म्हणाला.

“आणि नळी?”

“आत आहे, माळ्यावर. पाहुणे आले की गाद्या बांधायला कामी येते.”

पाचव्यावर त्याला दम लागला. तो कठड्याला टेकला आणि तिथूनच म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे. माझं सगळं पाहिलेलंच आहे.”

आठव्या मजल्यावर पोचताच उदबत्तीचा वास आला. सुलभाताई वॉकर धरून दारात उभ्या होत्या.

“ये गं पोरी. किती वर्षांनी इतक्या वर कोणी आलं! बघ, खालच्या घाणेरड्यांनी काय केलंय ते तू पाहिलंच असशील. माझ्या मजल्यावरची पेटी बघ. कशी लख्ख आहे.”

पेटी लख्खच होती. काच पुसलेली, आत लाल अस्तर, चांदीच्या मखरात देवी, शेजारी बाळकृष्ण, शंख आणि तुपाचा दिवा. लाल रंगाची काचेची पेटी, भिंतीत, पूर्वेला तोंड करून. याहून चांगलं देवघर कोणता सुतार करून देणार होता?

“ताई,” सायलीनं सावकाश विचारलं, “यात नळी होती.”

“होती ना. पडूनच होती. आमचा मयूर आहे शहापूरला, पुतण्या. त्याची केळी सुकत होती. घेऊन गेला.”

“सहा तक्रारी लिहिल्यात म्हणे तुम्ही.”

“सात. सातवी लिहायला घेतली आहे.”

“मग त्यात हेही घाला. पुन्हा धूर आला आणि पाणी वर आलं, तर तुम्ही ते कशानं मारणार? शंखानं?”

ताईंचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवलेली बाई. स्वतःच्या वहीवरची रेघ पहिल्यांदा बघत होती. त्या पेटीकडे वळल्या. वॉकर पुढे सरकवला, पेटीची काच उघडली, दिवा फुंकरीनं नव्हे, बोटांनी शांतवला, आणि एकेक देव पदरात घेऊ लागल्या.

सायलीनं व्हॉल्व्हला दाब मोजायचं गेज लावलं. काटा जागचा हलला नाही. हे व्हायचंच, टाकी तर डोक्यावरच होती, पाणी पडणार तरी किती उंचीवरून? तिनं वामनला फोन लावला.

“वामनकाका, पंप चालू करा.”

खालून घरघर आली. काटा थोडा थरथरला, किंचित वर गेला आणि तिथंच लटकला.

“चालू केला का?”

“चालूच तर आहे, मॅडम. आवाज येऊन राहिला नं. दर सोमवारी पाच मिनिटं चालवतो मी. रजिस्टरमध्ये लिहितो, ‘आवाज बरोबर’.”

सायलीनं कान दिला. आवाज येत होता, पण ओझं घेतलेल्या मोटारीचा नव्हता. हात हलवत बाजारातून परत येणाऱ्या माणसासारखी ती मोटार हलकी चालत होती.

“ही कधी बांधून आणली होती का?”

“हां, मागल्या दिवाळीत. जळाली होती. मीच जोडली परत.”

आठ मजले ती उतरली. पंपाच्या खोलीतही रंग ओला होता. पंपाच्या लोखंडी अंगावर, सांध्यांवर, नावाच्या पट्टीवर, सगळीकडे लाल. सायलीनं नखानं एका जागी खरवडलं. पोपड्याखालून बाण निघाला. मोटार कोणत्या बाजूला फिरली पाहिजे हे सांगणारा, कारखान्यातच कोरलेला बाण.

“आता चालू करा आणि मागचा पंखा बघा.”

वामननं बघितलं. बघतच राहिला.

“उलटी,” तो म्हणाला.

“दोन तारा अदलाबदल झाल्यात. कधीपासून?”

“दिवाळीपासूनच मग.” मग वैशाख पुन्हा तोंडावर आल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं मान खाली घातली. “आवाज तर बरोबर येत होता, मॅडम.”

या इमारतीत सगळ्यांना आवाज पुरतो, असं सायलीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं, वीज बंद करवली, स्टार्टर उघडला आणि दोन तारांची जागा बदलली. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी पाच महिने एक बाई आकाशात टांगलेली होती.

“मी वर पोचून फोन करते. मग सुरू करा. मी सांगेपर्यंत बंद करू नका.”

चौथ्या मजल्यावर नीलेश चहा पीत होता. “झालं ना मॅडम? सही?” त्यानं दारातूनच विचारलं. ती न थांबता चढत गेली.

वर पेटी रिकामी झाली होती. ताई व्हॉल्व्हजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या. या वेळी फोन केल्याबरोबर खालून आवाज आला तो जड, दात-ओठ खाऊन ओढणारा. पाइप थरारला. काटा उठला. एक, दोन, तीन. साडेतीनच्या पुढे जाऊन ठाम उभा राहिला.

“आलं?” ताईंनी विचारलं.

“तुमच्या हाताशी आलंय.”

“चाक फिरेल माझ्याच्यानं?”

तळमजला सोडला तर सगळ्या इमारतीत हे एकच चाक रंगाखाली गाडलं गेलं नव्हतं. देवाला शिंतोडे नकोत म्हणून ताईंनी रंगाऱ्याला दरसाल हाकलून लावलं होतं. सायलीनं गेज काढलं, दांड्यावर तेल सोडलं, बाजूला झाली. “हळू फिरवा. थोडंच.”

ताईंनी वाकड्या बोटांनी चाक धरलं. पहिल्या वेढ्याला फुसकारा, दुसऱ्याला धार. तिसऱ्याला पाणी असं फुटलं की सायली भिंतीला चिकटली. समोरची कुंडी कलंडली, पायपुसणं तरंगलं आणि पाणी जिन्याला लागलं. नळी असती तर ते हवं तिथं नेता आलं असतं. नळी नव्हती, म्हणून ते पाण्याच्या मर्जीनं गेलं. आठव्यावरून सातव्यावर, सातव्यावरून सहाव्यावर. रांगोळ्या पुसत, चपला उचलत, कांद्यांची सालं सोबत घेत.

“बस्स ताई, मोजून झालं. बंद करा.”

ताईंनी चाक सोडलं नाही, फिरवलंही नाही.

खालून आरडाओरडा सुरू झाला. “अरे कोणी सोडलं?” “माझी नवी सँडल!” “टाकी फुटली काय?” आणि पायांचे आवाज. मजल्यामजल्यावरून पावलं वर धावत होती. सगळ्यात पुढे नीलेश, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात एक चप्पल. पाचव्या मजल्यावर धापा टाकणारा हाच तो माणूस. त्याच्या मागे सहाव्यावरचे पंडितकाका, मग सातव्यावरची मोनाली, डोक्याला मेंदी थापलेली, आणि तिच्यामागे आणखी दहा-बारा जण.

“ताई! बंद करा ना! पागल झालात काय?”

“नीलेश, हजर,” ताई म्हणाल्या. वर्गात म्हणाव्यात तशा. “पंडितकाका, हजर. मोनाली, तूही? हजर. कोणी राहिलंय का खाली?”

मागच्यांनी जिन्यात वाकून खाली पाहिलं.

“मी वैशाखातही हजेरी घेतली होती, इथंच बसून. त्या दिवशी सगळे आजारी होतात का रे?”

मोनालीच्या कपाळावरून मेंदीचा ओघळ नाकापर्यंत आला. तिनं तो पुसला नाही. पंडितकाकांनी हातातल्या ओल्या बुटाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. ताईंनी चाक फिरवून पाणी बंद केलं आणि सायलीनं फोनवर वामनला पंप थांबवायला सांगितलं.

नीलेशला वाचा फुटली. “चला, म्हणजे पाणी तर आलं ना मॅडम आठव्यावर! पास ना मग? करा सही.”

सायलीनं ओल्या हातानं फॉर्म काढला. “तिसऱ्याचं चाक जाम. चौथ्याच्या पेटीत कांदे. आठव्याला नळी नाही. बाकीचे मजले आता तुमच्यासोबतच बघते. सध्या नापास.”

“आठव्याचं पहिलं लिही,” ताई म्हणाल्या. “पेटी मीच रिकामी केली होती. नावासकट लिही.” मग त्यांनी फोन उचलला. “मयूर, ती नळी घेऊन नीघ. आत्ता. नाही, केळीचं मला सांगू नकोस. काय? कापली? किती तुकडे?” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “हे बघ, तुकडे तुझ्यापाशीच ठेव. मला नवी अख्खी पाहिजे, आणि ती तू खांद्यावर घेऊन आठ मजले चढायचं.”

नीलेश जिन्याकडे वळला. “ठीक आहे ताई, बाकीचं करून टाकू ना. रंग सुकला की. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.”

ताईंनी हात पुन्हा चाकावर ठेवला. “पोरी, वामनला फोन लाव गं.”

“अहो, थांबा, थांबा!” नीलेश म्हणाला. “पंडितकाका, तुमच्याकडं खरवडायचं पातं आहे ना? द्या इकडं.”

लोक भिंतीला धरून, निसरड्या पायऱ्यांवरून उतरू लागले. बऱ्याच वेळानं तिसऱ्या मजल्यावरून लोखंडावर पातं घासल्याचा आवाज आला. मध्ये तो थांबला. ताईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, “थांबलास का रे?” आणि आवाज पुन्हा सुरू झाला.