वरणाच्या वाफेवरची हॅट

माझे वडील मोतीलाल मला ओळखत नाहीत. माझ्या आईलाही, म्हणजे पुष्पाबाईला, ओळखत नाहीत. पण आई म्हणते, तिच्या बाबतीत हे लग्नापासूनच असं आहे. विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, ते आता मला आठवत नाही.

वडील जळगावात एका थिएटरला डोअरकीपर होते. थिएटर पाडलं, तिथे आता मंगल कार्यालय आहे. त्या थिएटरात एका हॅटवाल्या हिरोचा एक सिनेमा पंचवीस आठवडे चालला आणि वडिलांनी तो रोज पाहिला, फक्त सुरुवात सोडून. सुरुवातीला ते दारात तिकिटं फाडत असायचे. त्यामुळे हिरोचे आईबाप कोण आणि तो एवढा चिडलेला का, हे त्यांना कधीच कळलं नाही. चिडलेला आहे एवढं मान्य करून ते पुढचं बघायचे.

आजारात सगळं गेलं, एक शिकवण तेवढी राहिली: अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही. ही त्यांना लहानपणी त्यांच्या आईने दिली होती. आता सगळेच अनोळखी झाल्यामुळे ते कोणाच्याच हातचं खाईनात. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पुढे केली की नम्रपणे म्हणायचे, "नको बाई, माले घर जेवाले जानं शे." आणि जळगावातल्याच मेहरूणच्या आमच्या घरात, स्वतःच्या खाटेवर बसून, घरी जायची वाट बघायचे.

एकदा मी उन्हातून कापडी गोल टोपी घालून घरात आलो. वडील उठून उभे राहिले.

"हिरो," ते म्हणाले. "तुमी?"

मी मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड लावतो. मला असं कोणी म्हणत नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून दीड भाकरी खाल्ली, म्हणून मी हिरो झालो.

दोन दिवसांनी त्यांना संशय आला. "टोपी ही नही," ते म्हणाले आणि तोंड मिटलं. डोअरकीपरला कालचं तिकीट कळतंच.

मग मी खरी हॅट शोधली. बँडवाल्यांचे ड्रेस शिवणाऱ्या एका माणसाकडे काळ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक हॅट पडून होती, ऑर्केस्ट्रातल्या गायकाने शिवायला टाकून न नेलेली. डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखी दिसायची. आमच्या भिंतीवर थिएटरच्या लॉबीतलं हिरोचं फोटोकार्ड होतं. त्यात हॅटीला मधोमध खोल घडी, पुढे दोन बाजूंना चिमटीत धरून उचलल्यासारखे दोन खळगे, काठ डाव्या डोळ्यावर उतरता आणि मागे वर वळलेला.

हे सगळं वाफेवर करतात. आमच्याकडे वाफ एकाच ठिकाणी निघते, कुकरमधून. आईने वरण लावलं की मी शिट्टी काढून हॅट वर धरायचो, नमदा मऊ पडला की घडी दाबायची आणि गार होईपर्यंत बोटं तशीच ठेवायची. बोटं भाजायची. आई म्हणायची, "एवढ्या वेळात तू पोळ्या शिकला असतास." आकार टिकावा म्हणून मोबाईलवर एकाने साखरेचं पाणी सांगितलं होतं, ते लावलं. दुसऱ्या दिवशी वडील जेवता जेवता माझ्या कपाळावरच्या मुंग्या मोजत होते. मग भाताच्या पेजेची खळ लावली. ती टिकली.

वडिलांनी रोज तपासणी केली. "डाबीकडे जास्ती शे." "काठ अजून खाली." फोटो मागच्या भिंतीवर होता आणि ते एकदाही वळून बघत नव्हते. शेवटी एके दिवशी चूक न काढता तोंड उघडलं.

तेव्हापासून हिरो दोन्ही वेळ जेवू घालायला यायचा.

"तुमना आंगले वरणना वास येस," ते एकदा म्हणाले.

"शूटिंग होतं," मी म्हणालो.

ते पटलं त्यांना. मला धीर आला. मी विचारलं, "मोतीलालभाऊ, तुम्हाला मुलंबाळं?"

"एक पोऱ्या शे. युवराज." घास चावून झाल्यावर ते म्हणाले, "येत नही."

मी पुढचा घास दिला.

हे असंच चाललं असतं, पण एरंडोलला जीवराम आबा वारले. वडिलांचे थोरले चुलतभाऊ. वडिलांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने मी दहाव्याला गेलो. आमच्यात भाऊबंदकीतल्या सगळ्या पुरुषांनी दहाव्याला मुंडण करायचं असतं. अंजनी नदीच्या काठावर न्हाव्यासमोर रांग लागली होती आणि भाऊबंदातले तोतारामकाका रांगेवर लक्ष ठेवून होते.

"काका, माझं राहू द्या," मी म्हणालो.

"का? लगन शे का तुनं?"

"वडिलांना जेवू घालायचंय."

"बापले केस खावाडस का तू?"

मी समजावून सांगितलं की वडील हिरोच्याच हातून जेवतात, हिरो हॅटीवर अवलंबून आहे आणि हॅट माझ्या केसांसकट मापाने बसवली आहे. केस गेले की ती नाकावर येईल. ऐकणाऱ्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजार घराण्यात उतरतो, असं त्यांचं मत झालेलं दिसलं.

तोतारामकाका आवाज उतरवून म्हणाले, "हाई देख युवराज. आज तू नही बसना, तर उद्या तुना बापना टाईमले कोन बशी?"

मी बसलो. केस गेले, मिशीही गेली. मिशी आम्ही बापासाठी काढतो, नाहीतर बापाच्या जागेवरच्या माणसासाठी. आबा त्या जागेवर होते. मामाने रिवाजाप्रमाणे डोक्यावर नवी पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल घातला.

घरी शिरायच्या आधी हॅट घालायचं ठरवलं होतं. पण हॅट घरात खुंटीला, आणि दाराशी वडील. नोकरीची सवय, खाट त्यांना दाराशीच लागते. मागचं दार सुचायच्या आत त्यांनी टोपी पाहिली. टॉवेल पाहिला. मग माझा मिशीविना उघडा ओठ बराच वेळ पाहिला.

"युवराज," ते म्हणाले.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"मी कव्हय मरी गऊ रे?"

मी सांगितलं की तुम्ही जिवंत आहात, जीवराम आबा वारले. तिकीट खिशातून पडलं म्हणणाऱ्या माणसाचं ते जसं ऐकून घ्यायचे, तसं त्यांनी ऐकून घेतलं. "जीवराम कालदिन भेटना. धड व्हता," ते म्हणाले. मी आणखी जोर लावायला हवा होता. पण त्यांनी माझं नाव घेतलं होतं, आणि ते परत घेतील म्हणून मी शेजारी बसून राहिलो.

आई बाहेर आली. तिच्याकडे बघून ते मला हळूच म्हणाले, "तुनी मायनी कुकू पुसं नही. लोक काय म्हनतीन?"

"मेल्यावरही माझ्यावरच डोळा," आई म्हणाली आणि ताट पुढे केलं.

"मेला मानूस जेवस का?" वडिलांनी विचारलं. चिडून नाही. नियम सांगितल्यासारखं.

पाणीसुद्धा घेतलं नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पाणी का घेत नाहीत?" मी म्हणालो, "वारलेत म्हणून." ते म्हणाले, "मग मला कशाला फोन केला?" नीट सांगितल्यावर म्हणाले, उद्यापर्यंत बघा, नाहीतर आणा, नळी टाकू.

संध्याकाळी वडिलांनी आगारी मागितली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पितरांना निखाऱ्यावर घास ठेवतात, धूर वर जातो, तो पितरांना पोचतो. मी निखारे केले. त्यावर तूप, भात, पुरीचा तुकडा ठेवला. पितर समोर खाटेवर बसून बघत होते. धूर त्यांच्या तोंडावर गेला, त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने ढेकर दिली. आई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बसली.

"कावळा शिवना का रे?" त्यांनी विचारलं.

"लगेच शिवला."

"लगेच?" त्यांचा चेहरा उतरला. आपली काहीच इच्छा राहिली नव्हती, हे कोणाला आवडेल?

"म्हणजे उशिरा," मी म्हणालो. "शिवतच नव्हता. मग तोतारामकाका म्हणाले, युवराजचं लग्न करून देऊ."

"मंग शिवना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फार आशेने विचारत होते, पण लग्नाच्या आशेने नाही, एवढं मला कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मग कोणीतरी म्हणालं, हिरोला दारावर आणू."

"आनि?"

"झडप घातली."

वडील हसले. मुलगा म्हणून मी त्यांना बऱ्याच वर्षांत दिलेला हा पहिला आनंद. त्यांचा हात माझ्या टकलावर होता. ओठ कोरडे पडून फुटले होते आणि हसल्यावर त्यातून रक्त आलं.

सकाळी ते बसू शकत नव्हते. मी मागच्या दाराने आत जाऊन हॅट चढवली. ती नाकावर आली. आईने ती काढली, खाली मामाची पांढरी टोपी घातली, ती कपाळावर दिसणार नाही अशी दुमडली, आणि वरून हॅट बसवली. काठ डाव्या डोळ्यावर तिनेच ओढला. मला वाटलं नव्हतं तिला कोणता डोळा ते माहीत असेल.

मी पुढच्या दाराने आलो.

"या, हिरो," वडील पडल्या पडल्या म्हणाले. "उशीर व्हयना. मी गऊ."

"कळलं, मोतीलालभाऊ. म्हणूनच आलो." मी खाटेशी बसलो. "पण तुमच्या थिएटरात मीपण मेलो होतो."

त्यांनी विचार केला. "पुलवरतीन पडतस तुमी. टोपी पानीवर वाही जास."

"मग?"

"मंग इंटरव्हल."

"आणि नंतर?"

त्यांचे ओठ हलत होते. कदाचित दारं लावत असतील, चहावाल्याला बाहेर काढत असतील. "नंतर तुमी येतस," ते म्हणाले.

"येऊन पहिल्यांदा काय करतो?"

"जेवतस."

"मग इंटरव्हल संपला, भाऊ."

मला माहीत होतं की जिवंत झाले की ते मला विसरणार. मेलेल्या मोतीलालला मुलगा होता, जिवंताला नव्हता. आई पातळ वरणाची वाटी घेऊन उभी होती. मी चमचा भरला आणि पुढे धरला. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, हॅटीचा काठ तपासला, आणि तोंड उघडलं.

वाटी संपली. दुसरी अर्धी झाली. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, मग थोडी काळजी आली.

"हिरो," ते मला जवळ बोलावून म्हणाले, "कालपशी एक टकला पोऱ्या घरम्हा फिरी ऱ्हायना. रडस बी. तुमना वळखीना शे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग दार लावी ल्या," ते म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी थांबले.